आधी थांबायचं बघा: जुनी पद्मिनी घरच्या घरी दुरुस्त करताना

एका दिवाळीच्या सुट्टीत मी माझी पद्मिनी, म्हणजे प्रीमियरची जुनी फियाट, पहिल्यांदा उघडली, आणि एका दिवसात सगळीच उघडली. कार्ब्युरेटर, डायनॅमो, रेडिएटर, दोन दरवाजे, पुढची सीट. नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरले. डब्यांवर काही लिहिलं नाही, कारण सगळं लक्षात राहील अशी खात्री होती. गाडी पुन्हा स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर पडायला पुढचा श्रावण उजाडला. तोवर शेजारचे काका रोज सकाळी जास्वंदीची फुलं तोडता तोडता विचारायचे, "भंगारवाल्याला हाक मारू काय रे?"

म्हणून नव्या माणसाला माझं पहिलं सांगणं हेच, की एका वेळी एकच काम उघडा. ते मिटवा, गाडी चालवून बघा, मगच पुढच्याला हात घाला. पोत्यात भरून ठेवलेली गाडी पुढे किलोवर जाते. आणि कामांचा क्रम ठरलेला ठेवा: कागद, पत्रा, ब्रेक, मग इंजिन. रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आधी रंगाऱ्याकडे जातात, मग इंजिन उतरवताना त्याच नव्या रंगावर पाना पडतो.

पद्मिनीच का

काटेकोर बोलणारे १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांनाच व्हिंटेज म्हणतात. आपल्याकडे आजोबांच्या वेळची कुठलीही गाडी व्हिंटेज, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. पण शिकायला रोल्स-रॉइस नको. शिकायला फियाट घ्यावी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९५० च्या दशकात फियाट ११०० बनू लागली (पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ती 'डुक्कर फियाट'), १९६४ मध्ये डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी नावाने विकली जाऊ लागली. चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, मागच्या चाकांना ताकद, चारही चाकांना ड्रम ब्रेक. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. बोनेट उघडलं की प्रत्येक वस्तू दिसते आणि बहुतेकांपर्यंत हात पोचतो.

दुसरा फायदा सुट्या भागांचा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने हे भाग वर्षानुवर्षं बाजारात जिवंत ठेवले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत थोडी पायपीट केली की ब्रेकचं किट, पॉइंट, गॅस्केट अजून हाताला लागतं. काच, क्रोमच्या पट्ट्या, डॅशबोर्डचे काटे मात्र मिळता मिळत नाहीत. घेताना ते गाडीवर आहेत ना, एवढं बघा. इंजिनपेक्षा ते महाग पडतात. डिझेलची १३७-डी पहिल्या खेपेला घेऊ नये. त्या इंजिनाचे भाग शोधण्यातच हौस संपते.

कागद

गाडी कितीही गोड दिसली तरी आरसी बुक हातात घेतल्याशिवाय पैसे काढू नका. चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर जाऊन वाचा, फडकं आणि थोडं रॉकेल घेऊन जा, कारण वर बोटभर मळ असतो. पुष्कळ गाड्यांचं इंजिन मधे कधीतरी बदललेलं असतं आणि बुकात नोंद नसते. ते निस्तरता येतं, पण विकणाऱ्याच्या नावावर गाडी असतानाच.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि मग दर ५ वर्षांनी फिटनेस दाखवून वाढवून घ्यावी लागते. महाराष्ट्रात सोबत पर्यावरण कर येतो. पीयूसी आणि थर्ड पार्टी विमा हे धरूनच चाला. २०२१ पासून केंद्राचा व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम आहे: ५० वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पहिल्या पद्मिन्या आता पन्नाशीपार गेल्यात, त्यामुळे हा प्रश्न खरोखरच पडतो. माझं मत स्पष्ट आहे. व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला रविवारी जोतिबाला जाऊन यायचं असेल तर नेहमीचीच नोंदणी जिवंत ठेवा.

पत्रा

पद्मिनीला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. म्हणजे खालचा पत्रा कुजला की नुसती शोभा जात नाही, गाडीचा कणाच जातो. खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा, वर पातळ फडकं गुंडाळा आणि दरवाजाखालच्या पट्टीवर, चाकाच्या कमानींवर, डिकीच्या तळावर फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नसून लांबी (भरलेली पुट्टी) आहे. मी एकदा बघितलेल्या गाडीची एक अख्खी बाजू लांबीची होती. वरून आरशासारखी चमकत होती.

मग गाडीखाली जा. जॅक लावायच्या जागा, मागचे पाटे जिथे अडकवलेत तो पत्रा, पायाखालची जमीन. पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा. टणटण वाजलं तर ठीक. भद्द वाजलं तर पेचकसाचं टोक लावून दाबा. आरपार गेलं तर गाडी सोडून द्या, निदान ही पहिली गाडी असताना तरी. इंजिन बांधून मिळतं. कुजलेली बॉडी उभी करायला डेंटरचे महिने जातात.

दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची बारीक भोकं असतात. ती मातीने बुजलेली असतात म्हणून दरवाजे आतून सडतात. सायकलचा आरा घेऊन ती मोकळी करा. दोन मिनिटांचं काम आहे.

हत्यारं आणि गाडीखाली जायचे नियम

फियाट इटलीची, त्यामुळे पाने मिलिमीटरचे. अँबेसिडरवाल्यांसारखा इंची पान्यांचा दुसरा संच लागत नाही. ८, १०, १३, १७ आणि १९ चे रिंग पाने, एक बॉक्स सेट, प्लगपाना, पकड, दोन चांगले पेचकस, फिलर गेज, ग्रीस गन, मल्टिमीटर आणि एक टेस्ट बल्ब. सुरुवातीला एवढं बस्स. रिंग पाना जिथे बसतो तिथे तोंडाचा पाना वापरू नका. नटाचे कोपरे एकदा गोल झाले की मग छिन्नी आली. गंजलेला नट जोर लावून फिरवू नका. आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० किंवा नुसतं डिझेल सोडून ठेवा, सकाळी थोडा आवळून मग सैल करा.

पैसे वाचवायचे तर घोड्यांवर, म्हणजे उचललेली गाडी पेलणाऱ्या स्टँडवर, वाचवू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. विटा आणि सिमेंटचे ठोकळे अचानक फुटतात, इशारा देत नाहीत. दोन पक्क्या लोखंडी घोड्या, उरलेल्या चाकांना लाकडी ओट (पाचर), आणि घरात कुणालातरी सांगून खाली जायचं.

ब्रेक

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्क मिस्त्रींकडे मी मोठ्या उत्साहाने इंजिनाचं विचारायला गेलो होतो. त्यांनी चहा सांगितला आणि म्हणाले, "आधी थांबायचं बघा की सायेब. पळायचं मागनं बघू."

कारण असं, की या गाडीत ब्रेकची नळी एकाच वाटेने चारही चाकांना जाते. आजच्या गाड्यांसारखी दोन स्वतंत्र वाटांची सोय नाही. एका चाकाचं सील फुटलं की ब्रेकचं पाऊल जमिनीला टेकतं आणि चारही चाकं मोकळी. कित्येक वर्षं उभ्या असलेल्या गाडीची रबरं वरून ठीक दिसतात, आतून बिस्किटासारखी झालेली असतात. त्यामुळे ब्रेक लागत असले तरी उघडायचेच.

एका वेळी एकच चाक उघडा. दुसऱ्या बाजूचं चाक तसंच मिटलेलं ठेवा, म्हणजे कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात हे विसरलात तर जाऊन बघता येतं. तरी मोबाइलवर फोटो काढाच. ड्रममधली काळी धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. व्हील सिलिंडरचं रबरी टोपण उचललं आणि आत ओल दिसली, तर सील गेलं. सिलिंडर आतून बोटाने चाचपा. गुळगुळीत असेल तर नवं किट पुरे. खड्डे लागले तर नवा सिलिंडर घ्या किंवा लेथवाल्याकडून आत स्लीव्ह बसवून घ्या. पुढच्या चाकांचे रबरी होज न बघता बदला. ही रबरं धुवायला फक्त ब्रेक ऑइल. पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागलं तर ती फुगतात आणि ब्रेक चिकटून बसतो.

मग हवा काढायची. दोन माणसं लागतात. लांबच्या चाकापासून सुरू करा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी ड्रायव्हरकडचं. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा. आतला माणूस पाऊल दाबून "धरलं" म्हणतो, तुम्ही निपल अर्धा आटा सोडता, बुडबुडे येतात, निपल आवळून तुम्ही "सोड" म्हणता. हा क्रम चुकला तर हवा परत आत. आमच्याकडे ही ड्यूटी बायकोकडे असते आणि "धरलंय, धरलंय, किती वेळ?" हे संवाद गल्लीला पाठ आहेत. बुडबुडे संपेस्तोवर करा आणि दर पाच-सहा दाबांनी वरच्या टाकीत ऑइल भरत राहा. ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

बऱ्याच वर्षांनी इंजिन सुरू करताना

बॅटरी जोडून थेट सेल्फ मारायचा मोह होतो. मारू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतील तर त्या तुटतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून सपाट जागी हळू पुढेमागे ढकला. इंजिन फिरलं तर सुटलात. अडलं तर आणखी ऑइल आणि आणखी दोन दिवस. घाई नाही. मग जुनं ऑइल काढून नवं भरा. साधं मिनरल २०डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-४० चालतं, महागड्या सिंथेटिकचा इथे उपयोग नाही. प्लग बाहेरच ठेवून थोडा वेळ सेल्फ द्या, ऑइल वरपर्यंत चढू द्या.

टाकीतलं जुनं पेट्रोल वार्निशसारखं वास मारतं. टाकी उतरवा, आत मूठभर बारीक खडी आणि थोडं डिझेल घालून हलवा, गंजाचा चिखल ओता, धुवा, उन्हात वाळवा. भोक असेल तर रिकाम्या दिसणाऱ्या टाकीला वेल्डिंग कुणालाही लावू देऊ नका. आतली वाफ पेटते आणि टाकी फुटते. इंजिनाच्या पेट्रोल पंपाच्या आधी एक स्वस्तातला पारदर्शक फिल्टर टाका.

पेट्रोलचं अजून एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुनं रबर मऊ करतं आणि टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला मळ सुटा करून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) आणून बसवतं. म्हणून पेट्रोलचे सगळे होज आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या. जेट तुंबला तर तार घालायची नाही, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. हवा मारायची.

पॉइंट

गाडी मिसिंग करते, पिकअप नाही, सकाळी उठत नाही, या तक्रारींवर नवे लोक कार्ब्युरेटर उघडतात. दहातल्या सात वेळा दोष डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या डब्याच्या, टोपणाखाली असतो. आधी तिकडेच जा.

टोपण काढण्याआधी प्लगच्या चारही वायरींना चिकटपट्टीवर नंबर टाका. रेडिएटरकडचा एक नंबर. ठिणगी पडायचा क्रम १-३-४-२. टोपण उघडून आत बघा: मध्ये चौकोनी कॅम, त्याला टेकलेली पॉइंटची (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टिकल्यांच्या जोडीची) छोटी टाच. गाडी चौथ्यात टाकून सूतभर सूतभर ढकला, टाच कॅमच्या बरोबर कोपऱ्यावर चढली की थांबा. आता दोन टिकल्यांमधली फट सर्वांत मोठी आहे. तिच्यात फिलर गेजची पाती घाला, साधारण ०.४ मिलिमीटरची, नेमका आकडा तुमच्या डिस्ट्रिब्युटरप्रमाणे मॅन्युअलमध्ये बघा. पाती घसटत जावी, तुपातल्या सुरीसारखी नाही आणि अडूनही नाही. स्क्रू आवळला की फट हटकून बदलते, म्हणून आवळल्यावर परत मोजा. मी अजूनही तीनदा मोजतो. पाती आधी पेट्रोलने पुसलेली हवी. तिचं तेल टिकलीवर राहिलं की तिथेच जळतं आणि आठवड्यात गाडी परत मिसिंग.

टिकल्यांवर एका बाजूला टेकाड आणि समोर खड्डा दिसला तर नवा पॉइंट टाका, सोबत कंडेन्सरही बदला. पॉइंट वारंवार जळत असतील तर दोषी बहुधा कंडेन्सरच. फट बदलली की टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) हलतं, म्हणून ते नंतर बघायचं: टेस्ट बल्बचं एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरीला, दुसरं बॉडीला, चावी चालू. पॉइंट उघडतो त्या क्षणी बल्ब पेटतो. पुलीवरची खूण आणि बल्ब एकत्र जुळेपर्यंत डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवायचा.

तापणं, ग्रीस, गिअर

या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. एकदा भरपूर तापलं की वाकतं, गॅस्केट उडतं आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची काठी काढली की दुधाळ फेस दिसतो. म्हणून काटा वर जाऊ लागला की "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असं म्हणायचं नाही. बाजूला घ्या, थंड होऊ द्या, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. बोअरचं जड पाणी भरू नका, कूलंट भरा. फॅन बेल्टचा एक जादा नग कायम डिकीत असावा.

पुढच्या चाकांच्या किंगपिनना आणि जोडांना ग्रीसची निपलं आहेत. दर दीड-दोन हजार किलोमीटरला, आणि पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेली की त्याच आठवड्यात, गनने ग्रीस भरायचं. जुनं काळं बाहेर येऊन मागून नवं दिसू लागलं की पुरे. हे न केल्यामुळे स्टेअरिंग जड झालेल्या गाड्या मी खूप बघितल्या, आणि मालक टायरला दोष देत होते.

हँडलच्या गिअरचा, म्हणजे स्टेअरिंगजवळच्या गिअरच्या दांडीचा, एक खास त्रास आहे. खालच्या कांड्यांचे बुश झिजले की ऐन सिग्नलला गिअर अडकतो, ना पुढे ना मागे. मग उतरायचं, बोनेट उघडायचं आणि कांडी हाताने न्यूट्रलला आणायची. मागचे लोक हॉर्न देतात. बुश फार महाग नाहीत. बदलून टाका.

पावसाळा

कोल्हापूरच्या पावसात गाडीला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळणं म्हणजे गंजाला पाहुणचार. आत ओल कोंडते. वर छप्पर असेल तर सुती कव्हर, नसेल तर छपराची सोय आधी आणि बाकीचं मग. दर दहा-पंधरा दिवसांनी पाऊस उघडलेला दिवस बघून दहा-बारा किलोमीटर चालवा. जागच्या जागी दोन मिनिटं सुरू करून बंद करणं वाईट; सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून कुजतो. उंदरांसाठी मी सगळं करून बघितलं, डांबरगोळ्या, तंबाखू, फवारे. दर आठवड्याला बोनेट उघडून बघणं एवढंच खात्रीचं निघालं.

पहिला घाट

पहिल्या फेरीला लांब जाऊ नका. पाच किलोमीटर जाऊन थांबा आणि चारही ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच ड्रम जास्त तापला असेल तर त्याचा ब्रेक धरून राहतोय. खाली वाकून ओघळ बघा. घरी आल्यावर वहीत तारीख, किलोमीटर आणि जे जे दिसलं ते लिहा. अशा चार-पाच फेऱ्या बिनतक्रार झाल्या की मग घाट.

माझा पहिला घाट करूळचा होता, एप्रिलमधला. कोकणातून गगनबावड्याकडे परत चढताना निम्म्यात गाडी गपकन बंद. ठिणगी होती, टाकीत पेट्रोल होतं, पण पंपात त्याची वाफ झाली होती. मी बोनेट उघडून नुसता बघत उभा राहिलो. वरून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने गाडी थांबवली, न बोलता आपलं खांद्यावरचं फडकं बाटलीतल्या पाण्यात भिजवलं आणि पेट्रोल पंपावर गुंडाळलं. "दा मिनटं थांबा," म्हणाला, "आनी जाताना फडकं ऱ्हाऊ द्या तसंच." दहाव्या मिनिटाला गाडी उठली.

ते फडकं अजून डिकीत आहे. फॅन बेल्टशेजारी, पाण्याच्या दोन बाटल्यांसोबत.